पाव ग्रॅम अँटीमॅटर, चार पुतळे आणि एक पोप: ‘एंजल्स अँड डेमन्स’मधलं खरं किती, रचलेलं किती?

‘एंजल्स अँड डेमन्स’ ही कादंबरी सुरू होण्याआधीच डॅन ब्राऊन वाचकाला शब्द देऊन मोकळा होतो. पहिल्या पानांवर दोन छोट्या टिपा आहेत. एक विज्ञानाबद्दल, ‘हे तथ्य आहे’ अशा मथळ्याखाली. दुसरी रोमबद्दल. या पुस्तकातल्या रोममधल्या कलाकृती, थडगी, भुयारं आणि इमारती खऱ्या आहेत, त्यांच्या जागाही खऱ्या आहेत, आणि ‘इल्युमिनाती’ नावाची संघटनाही खरी आहे, असं तो सांगतो.

कथा त्याच्यानंतर सुरू होते. म्हणजे कादंबरी हातात घेणारा माणूस पहिला खून होण्याआधीच निम्मा विश्वास ठेवून बसलेला असतो.

ही कादंबरी आली २००० साली. तेव्हा तिच्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. २००३ मध्ये ‘द दा विंची कोड’ आली, जगभर गाजली आणि मग लोकांनी मागे जाऊन हे आधीचं पुस्तक शोधलं. २००९ मध्ये टॉम हँक्सचा चित्रपट आला. एप्रिल २०२५ मध्ये पोप फ्रान्सिस यांचं निधन झालं आणि ‘कॅमर्लेंगो’, ‘कॉन्क्लेव्ह’ असे शब्द बातम्यांत आले, तेव्हा अनेकांना ते ओळखीचे वाटले, ते याच गोष्टीमुळे.

तर या गोष्टीतलं नेमकं काय खरं? बरंच काही. गडबड कुठे होते, ते मात्र समजून घ्यायला हवं.

आधी गोष्ट, शेवट न सांगता

स्वित्झर्लंडमधल्या ‘सर्न’ या संशोधन केंद्रात एका शास्त्रज्ञाचा खून होतो. तो शास्त्रज्ञ धर्मगुरूही आहे. त्याच्या छातीवर ‘इल्युमिनाती’ हा शब्द डागलेला आहे आणि तो उलटा धरला तरी तसाच वाचता येतो. प्रयोगशाळेतून पाव ग्रॅम अँटीमॅटर चोरीला गेलंय. ते व्हॅटिकनमध्ये कुठेतरी लपवलंय आणि ज्या चुंबकांनी ते अधांतरी धरून ठेवलंय त्यांची बॅटरी २४ तासांत संपणार आहे. नेमकी त्याच रात्री नव्या पोपची निवड सुरू आहे आणि पोपपदाचे चार प्रमुख दावेदार गायब आहेत. हार्वर्डचा प्राध्यापक रॉबर्ट लँग्डन बर्निनीच्या शिल्पांचा माग काढत रोमभर धावतो. पृथ्वी, वायू, अग्नी, जल अशी चार ठिकाणं, दर तासाला एक.

कला, इतिहास आणि विज्ञान एकाच रात्रीत बसवण्याची ही युक्ती भन्नाट आहे, हे मान्यच करायला हवं. पुस्तक खाली ठेववत नाही. (तो उलटसुलट वाचता येणारा शब्द जॉन लँग्डन नावाच्या कलाकारानं काढलाय. नायकाचं आडनाव त्याच्यावरूनच घेतलंय.)

इल्युमिनाती होते. पण केव्हा?

टिपेत म्हटल्याप्रमाणे इल्युमिनाती नावाची संघटना खरोखर होती. ती १ मे १७७६ रोजी जर्मनीतल्या बव्हेरिया भागात, इंगोलश्टाट इथे सुरू झाली. संस्थापक होता आडाम व्हाइसहाउप्ट, तिथल्या विद्यापीठातला कायद्याचा प्राध्यापक. सुरुवातीला सदस्य मोजून पाच. धर्मसत्तेचा आणि अंधश्रद्धेचा शिक्षणावरचा पगडा कमी व्हावा, असा विचार. बव्हेरियाच्या शासकानं १७८४ आणि १७८५ मध्ये हुकूम काढून अशा गुप्त संघटनांवर बंदी घातली आणि जेमतेम दहा वर्षांत कारभार आटोपला.

आता कादंबरीचा दावा बघा. गॅलिलिओ इल्युमिनातीचा सदस्य होता. शिल्पकार बर्निनीही होता. गॅलिलिओ वारला १६४२ मध्ये. बर्निनी १६८० मध्ये. संघटना जन्मली १७७६ मध्ये.

एवढं एक वर्ष तपासलं, की कथेचा कणाच मोडतो. गॅलिलिओच्या मृत्यूला १३४ वर्षं झाल्यावर जी संघटना निघाली, तिचा तो सभासद कसा होणार? १६६८ मध्ये चर्चनं चार शास्त्रज्ञांना छातीवर डागून मारलं, अशी एक घटनाही कादंबरीत येते. ती रचलेली आहे. कोपर्निकसला चर्चनं मारलं, असं एक पात्र बोलून जातं. कोपर्निकस १५४३ मध्ये आजारपणात गेला आणि तो स्वतः चर्चच्याच सेवेत होता.

मग आजच्या रील्समध्ये दिसणारी, हाताचा त्रिकोण करून ‘जग चालवणारी’ इल्युमिनाती आली कुठून? ती आली बंदीनंतर. फ्रेंच राज्यक्रांती झाली, राजाचं मुंडकं उडालं, आणि एवढं सगळं सामान्य माणसांच्या रागातून घडलं असेल यावर अनेकांचा विश्वास बसेना. १७९७ मध्ये फ्रान्सचा धर्मगुरू ऑगस्तँ बारुएल आणि स्कॉटलंडचा शास्त्रज्ञ जॉन रॉबिसन यांनी वेगवेगळी पुस्तकं लिहून खापर इल्युमिनातीवर फोडलं. संघटना संपली होती, अफवेला मात्र तेव्हा कुठे पाय फुटले. डॉलरच्या नोटेवर पिरॅमिडखाली रोमन अंकांत १७७६ लिहिलंय, हा पुरावा हमखास दाखवला जातो. ते वर्ष अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचं आहे. दोन्ही गोष्टी एकाच वर्षी घडल्या, एवढाच काय तो संबंध.

बर्निनी: बंडखोर की पोपचा लाडका?

रोमचा भाग हा कादंबरीतला सगळ्यात देखणा भाग. चारही ठिकाणं खरी आहेत आणि आजही बघता येतात. सांता मारिया देल पोपोलो चर्चमधलं किजी घराण्याचं प्रार्थनागृह. सेंट पीटर्स चौक. सांता मारिया देल्ला व्हित्तोरिया या चर्चमधलं संत तेरेसाचं शिल्प. आणि पियाझ्झा नव्होनातलं चार नद्यांचं कारंजं.

पण जागा खरी म्हणजे तिच्यामागची गोष्टही खरी, असं नसतं.

किजी प्रार्थनागृहातले पिरॅमिड बघून लँग्डन चमकतो. ख्रिस्ती प्रार्थनागृहात पिरॅमिड कसे, म्हणजे हा इल्युमिनातीचाच संकेत, असा त्याचा तर्क. प्रत्यक्षात या प्रार्थनागृहाची रचना राफाएलची. राफाएल १५२० मध्ये वारला. बर्निनी जन्मला १५९८ मध्ये. बर्निनीनं नंतर तिथे शिल्पं बसवून अपुरं काम पुरं केलं. सेंट पीटर्स चौकातला ओबेलिस्क, म्हणजे तो उंच इजिप्शियन दगडी खांब, १५८६ मध्ये तिथे उभा केला. तोही बर्निनीच्या जन्माआधी बारा वर्षं. इजिप्तचं वेड तेव्हाच्या रोममध्ये पोपपासून सावकारांपर्यंत सगळ्यांना होतं, त्याला गुप्त संघटनेची गरज नव्हती.

संत तेरेसाच्या शिल्पाची गोष्ट तर फारच बोलकी आहे. कादंबरी म्हणते, पोप उर्बान आठवा यानं हे शिल्प व्हॅटिकनसाठी जरा जास्तच शृंगारिक वाटतंय म्हणून नाकारलं आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला पाठवून दिलं. वाचायला झकास. पण पोप उर्बान वारला १६४४ मध्ये आणि बर्निनीनं हे शिल्प हाती घेतलं १६४७ मध्ये, कार्डिनल कोर्नारो यांच्या घराण्याच्या प्रार्थनागृहासाठी. म्हणजे जे शिल्प अजून घडलंच नव्हतं, ते वारलेल्या पोपनं नाकारलं.

आणि इथेच खरा इतिहास कादंबरीपेक्षा जास्त गुंतागुंतीचा निघतो. कारण हाच पोप उर्बान बर्निनीचा सगळ्यात मोठा आश्रयदाता होता. सेंट पीटर्स बॅसिलिकाच्या मधोमध उभं असलेलं ते सुमारे २९ मीटर उंच ब्राँझचं छत्र, बाल्दाकिनो, त्यानंच बर्निनीकडून करून घेतलं. आणि याच पोपच्या काळात, १६३३ मध्ये, गॅलिलिओवर खटला चालला.

पोप होण्याआधी हा माणूस गॅलिलिओचा चाहता होता. त्याच्यावर त्यानं लॅटिनमध्ये कविताही केली होती. १६३२ मध्ये गॅलिलिओचं ‘दोन विश्वव्यवस्थांबद्दलचा संवाद’ हे पुस्तक आलं. त्यात पोपला आवडणारा युक्तिवाद गॅलिलिओनं घातला, पण तो ज्या पात्राच्या तोंडी दिला त्याचं नाव होतं सिम्प्लिचिओ. या नावाला ‘भोळसट’ अशा अर्थाची झाक आहे. मैत्री तिथे संपली. २२ जून १६३३ रोजी गॅलिलिओला गुडघे टेकून आपलं मत मागे घ्यावं लागलं आणि पुढची जवळपास नऊ वर्षं, मरेपर्यंत, तो नजरकैदेत राहिला.

म्हणजे एका हातानं बर्निनीच्या छत्राला पैसे देणारा आणि दुसऱ्या हातानं गॅलिलिओला कोंडणारा माणूस एकच. बर्निनी तेव्हा त्याच पोपच्या दरबारी काम करत होता, आणि तो धार्मिक माणूस म्हणूनच ओळखला जायचा. गॅलिलिओनं ज्या मठात माफी मागितली, त्याच्या चर्चसमोर आज बर्निनीनं कल्पिलेला दगडी हत्ती उभा आहे, पाठीवर इजिप्शियन ओबेलिस्क घेऊन. हे कुणी कादंबरीत लिहिलं असतं तर आपण ‘फारच जुळवून आणलंय’ म्हणालो असतो.

गॅलिलिओवर झालेला अन्याय खराच आहे, तो कमी लेखायचं कारण नाही. १९९२ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी चर्चची चूक मान्य केली. पण ‘विज्ञान विरुद्ध चर्च’ असं दोन संघांत मैदान विभागलं, की बिग बँगचा विचार मांडणारा जॉर्ज लमेत्र स्वतः कॅथलिक धर्मगुरू होता, हे कुठल्या बाजूला बसवायचं? ब्राऊनला हे माहीत आहे, कादंबरीत लमेत्रचा उल्लेखही येतो. तो भाग कमी लोकांच्या लक्षात राहतो, कारण त्यात कुणी कुणाला मारत नाही.

जाता जाता: पियाझ्झा नव्होनाच्या कारंज्यातल्या चार नद्यांपैकी एक आपली गंगा आहे. बाकी तीन डॅन्यूब, नाईल आणि दक्षिण अमेरिकेतली रिओ दे ला प्लाता. १६५१ मध्ये पूर्ण झालेल्या या कारंज्यात गंगा दाढीवाल्या पुरुषाच्या रूपात आहे आणि हातात लांब वल्हं आहे, कारण ही नदी नावा चालवण्याजोगी, असं युरोपनं ऐकलं होतं. नाईलचं डोकं कापडानं झाकलंय, कारण तिचा उगम तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हता. बर्निनीच्या शिल्पांत संकेत आहेतच. ते उघड्यावर आहेत आणि तेव्हाच्या शिकलेल्या माणसाला सहज वाचता यायचे.

आता तो पाव ग्रॅम

अँटीमॅटर, मराठीत प्रतिद्रव्य, ही कल्पना नाही. प्रत्येक कणाला एक जुळा प्रतिकण असतो, वस्तुमान तेवढंच पण विद्युतभार उलटा. पॉल डिरॅकच्या १९२८ च्या समीकरणातून हे सुचलं आणि १९३२ मध्ये कार्ल अँडरसनला इलेक्ट्रॉनचा प्रतिकण, पॉझिट्रॉन, प्रत्यक्ष सापडला. कण आणि प्रतिकण भेटले की दोघंही नष्ट होतात आणि त्यांच्या सगळ्या वस्तुमानाची ऊर्जा होते.

मोठ्या रुग्णालयांत कर्करोगाच्या तपासणीसाठी पेट स्कॅन करतात, त्यातलं ‘पे’ हे पॉझिट्रॉनचं आहे. रुग्णाच्या शरीरात थोडंसं किरणोत्सारी द्रव्य सोडतात, त्यातून पॉझिट्रॉन निघतात, ते इलेक्ट्रॉनला भेटून संपतात आणि त्या प्रकाशावरून चित्र तयार होतं. फळवाल्याच्या गाडीवरच्या केळ्यातूनसुद्धा, त्यातल्या पोटॅशियममुळे, अधूनमधून एखादा पॉझिट्रॉन बाहेर पडतो. केळं सोलताना आपण व्हॅटिकन उडवत नाही.

कादंबरीची टीप म्हणते, एक ग्रॅम प्रतिद्रव्यात २० किलोटनांची, म्हणजे हिरोशिमावरच्या बॉम्बएवढी ऊर्जा असते. इथे गंमत आहे. हिरोशिमाचा बॉम्ब साधारण १५ किलोटनांचा होता. आणि एक ग्रॅम प्रतिद्रव्य नष्ट होताना समोरचं एक ग्रॅम साधं द्रव्यही नष्ट होतं, तेव्हा आइनस्टाइनच्या सूत्रानं हिशेब केला तर आकडा सुमारे ४३ किलोटनांवर जातो. म्हणजे लेखकानं इथे चक्क निम्म्यानं कमी सांगितलंय.

पण ते एक ग्रॅम आणायचं कुठून, इथे गोष्ट अडते.

प्रतिद्रव्याचे पहिले कण सर्ननं नुकतेच तयार केले, असं टीप सांगते. पॉझिट्रॉन १९३२ चा, अँटीप्रोटॉन १९५५ मध्ये अमेरिकेत बर्कलीला सापडला. सर्नचं श्रेय वेगळं आहे. तिथे १९९५ मध्ये अँटीहायड्रोजनचे पहिले पूर्ण अणू तयार झाले. किती? नऊ. तेही सेकंदाच्या अतिसूक्ष्म भागापुरते टिकले.

सर्ननं आजवर बनवलेलं सगळं प्रतिद्रव्य एकत्र केलं, तरी ते ग्रॅमच्या दहा कोटीव्या भागाच्या वर जाणार नाही. त्या सगळ्याची वीज केली तर जास्तीत जास्त अर्धं युनिट. घरच्या बिलात ते दिसणारसुद्धा नाही. सर्नचं यंत्र दर दीड-दोन मिनिटांनी काही कोटी अँटीप्रोटॉन देतं. ऐकायला प्रचंड वाटतं, पण पाव ग्रॅमसाठी लागणाऱ्या कणांची संख्या दीडवर तेवीस शून्यं काढल्याशिवाय लिहिता येत नाही. या वेगानं पाव ग्रॅम व्हायला अब्जावधी वर्षं लागतील, साधारण विश्वाचं वय जेवढं आहे तेवढ्या घरातली. वर ते बनवायला, त्यातून मिळेल त्याच्या अब्जावधी पट ऊर्जा खर्च होते. त्यामुळे प्रतिद्रव्य हे बॉम्ब म्हणूनही नापास आणि इंधन म्हणूनही नापास.

चुंबकांच्या डब्याची कल्पना मात्र बरीचशी खरी आहे. उणे २६९ अंशांच्या आसपास, जवळपास पूर्ण निर्वात पोकळीत, विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांच्या आधारानं कण अधांतरी धरून ठेवतात. सर्नच्या एका गटानं अँटीप्रोटॉन असे ४०५ दिवस सांभाळले. फक्त ते मोजके असतात. सारख्या भाराचे कण एकमेकांना ढकलतात, त्यामुळे पाव ग्रॅम एका डब्यात कोंबणं शक्य नाही.

‘गोष्टच तर आहे’ म्हणून सोडून द्यायचं का?

सर्नला तसं करता आलं नाही. चित्रपट आला तेव्हा संस्थेनं प्रश्नोत्तरांचं पानच तयार केलं. अँटीमॅटर बॉम्ब बनतो का? तुमच्याकडे कादंबरीतलं ते एका तासात अटलांटिक ओलांडणारं विमान आहे का? (नाही.) तेव्हा सर्नला लोकांच्या भीतीचा ताजा अनुभव होता.

१० सप्टेंबर २००८ रोजी सर्नचं महाकाय यंत्र, लार्ज हॅड्रॉन कोलायडर, पहिल्यांदा सुरू होणार होतं. त्यातून कृष्णविवर तयार होईल आणि पृथ्वी गिळून टाकेल, अशा बातम्या आपल्याकडच्या काही वाहिन्यांनी दिवसदिवस चालवल्या. वाचकांपैकी जे तेव्हा शाळेत होते, त्यांना वर्गातली ती कुजबुज आठवत असेल. मध्य प्रदेशात एका सोळा वर्षांच्या मुलीनं आपला जीव दिला. टीव्हीवर ते बघून ती धास्तावली होती, असं तिच्या वडिलांनी पत्रकारांना सांगितलं. यंत्र सुरू झालं, त्या दिवशी प्रोटॉनची टक्कर व्हायचीही नव्हती, कणांचा झोत फक्त एक फेरी मारणार होता. हे वाक्य बातमीत असतं तर.

या बातम्यांचा कादंबरीशी थेट संबंध नाही. पण दोन्हींची बांधणी सारखी आहे. खरी संस्था, खरं यंत्र, खरा तांत्रिक शब्द आणि त्यांना जोडणारं एक खोटं वाक्य.

२००४ मध्ये भारत सरकारनं सर्नला नटराजाची दोन मीटर उंच मूर्ती भेट दिली, ती तिथल्या आवारात उभी आहे. भारत सर्नचा सहयोगी सदस्य आहे, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ तिथल्या प्रयोगांत आहेत, मूर्ती हे त्या नात्याचं चिन्ह. २०१६ मध्ये याच मूर्तीसमोर काळे झगे घालून नरबळीचा बनाव करणारा व्हिडिओ पसरला. आवारात प्रवेश असलेल्या कुणीतरी केलेला तो चावटपणा होता, हे सर्ननं सांगितलं आणि चौकशी लावली. व्हिडिओ अजून फिरतोय, खाली कमेंटमध्ये ‘इल्युमिनाती’ लिहिलेलं असतं. चौकशीची बातमी त्याच्याबरोबर फिरत नाही.

कॅमर्लेंगोचंही थोडं असंच. पोपच्या निधनानंतर व्हॅटिकनचा रोजचा कारभार सांभाळणारं हे पद खरं आहे, पण त्यावर कादंबरीतल्यासारखा तरुण साधा धर्मगुरू नसतो, कार्डिनल असतो. २०२५ मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या निधनाची घोषणा कार्डिनल केव्हिन फॅरेल यांनी केली, ते कॅमर्लेंगोच.

पुस्तक वाचायचं असेल तर जरूर वाचा, शेजारी रोमचा नकाशा उघडा ठेवून. आणि कादंबरीतला तो डबा सर्नमध्ये खरोखरच रस्त्यावर आलाय, हेही सांगायला हवं. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथल्या शास्त्रज्ञांनी असा सापळा ट्रकवर चढवून आवारात फिरवला, पुढेमागे अँटीप्रोटॉन दुसऱ्या प्रयोगशाळांपर्यंत नेता यावेत म्हणून. चाचणीला डब्यात प्रतिद्रव्य नव्हतं, साधे प्रोटॉन होते. एकूण ७०.